विसर्जनाचा हौद: बांधण्याआधी तो रिकामा कसा करणार ते ठरवा

ओढ्याकाठी | ११ जुलै, स. ९:२०

नगरपंचायतीचं गाव. आतापर्यंत सगळं विसर्जन ओढ्यावरच्या बंधाऱ्यात होत आलंय. यंदा नगरपंचायत, कॉलेजचं एनएसएस पथक आणि दोन मंडळं मिळून तीन गोष्टी करायच्या म्हणताहेत: कृत्रिम हौद, निर्माल्य संकलन आणि शाडूची माती परत मिळवणं. हिशेबाला घरगुती मूर्ती ६०० धरू, निम्म्या शाडूच्या, निम्म्या पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिस). मंडळं बारा. हौद केवढा, पाणी किती, पीओपीचं काय करायचं, निर्माल्याचं खत कसं, यावर आकडे आणि कृती हवी आहे. 'जनजागृती करा' हे उत्तर कृपया नको, ते फलक छापून झालेत.

रसायनवाला | ११ जुलै, स. १०:०५

हौद केवढा हे नंतर बघू. त्यातून निघालेला माल कुठे जाणार ते आधी सांगा. बहुतेक गावांत हौदाचा फोटो पेपरात येतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच मूर्ती डंपरमधून जुन्या खाणीत जातात. ओढा वाचतो, खाण भरते.

पीओपी पाण्यात का विरघळत नाही याचा साधा हिशेब. वाळून घट्ट झालेलं पीओपी म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. एक लिटर पाण्यात ते जेमतेम २.४ ग्रॅम विरघळतं. म्हणजे ८,००० लिटरच्या हौदात, कितीही दिवस ठेवलं तरी, फार तर १९-२० किलो. तीन-तीन किलोच्या सहा-सात मूर्ती. तुमच्याकडे तशा ३०० आहेत. सातव्या मूर्तीनंतर तो हौद म्हणजे मूर्ती ठेवायची ओली जागा, एवढंच.

तेव्हा कागदावर आधी चार रकाने पाडा: शाडू, पीओपी, निर्माल्य, इतर. प्रत्येकासमोर शेवटचा मुक्काम आणि तिथे माल घेणाऱ्या माणसाचा होकार. तो होकार नसेल तर हौदाची जाहिरात करू नका.

तिरकस | ११ जुलै, स. १०:३१

मग ओढ्यातच काय वाईट होतं? वाहून तरी जायचं.

रसायनवाला | ११ जुलै, स. १०:५०

वाहून जात नाही, बंधाऱ्याच्या फळ्यांना अडतं. भाद्रपदात ओढ्याला पाणी असतं म्हणून दिसत नाही, मार्च-एप्रिलमध्ये दिसतं. शिवाय रंग आणि वॉर्निश तिथेच सुटतात.

आणि आता हा केवळ आवडीचा प्रश्न उरलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना आहेतच. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रकरण गेलं. पीओपी मूर्ती बनवायला-विकायला वाट मिळाली, पण सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित करायच्या असं ठरलं. यंदाचा आदेश काय आहे तो मुख्याधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर फिरतो तो नको.

पेणकर | ११ जुलै, दु. १:१५

शाडू आणि पीओपी एका हौदात घालू नका, ही माझी पहिली आणि शेवटची विनंती. शाडूच्या गाळात पीओपीचे मुठभर तुकडे गेले तरी ती माती कारखान्याच्या कामाची राहत नाही. पांढरे कण कालवताना फुटत नाहीत, मूर्ती सुकताना त्यांच्याभोवती तडा जातो. मातीचा एक ढीग वाचवायचा तर दोन हौद, दोन रांगा आणि रांगेच्या तोंडाशी ओळखणारा माणूस लागतो.

ओळख अशी. मूर्ती उलटी करून बूड बघायचं. पीओपीचं बूड आतून पांढरंफटक, त्यात काथ्याचे धागे दिसतात, भिंत पातळ. शाडूचं राखाडी-मातकट, आत बोटांचे ठसे किंवा मळलेल्या मातीच्या वळ्या. उंची सारखी असेल तर शाडूची मूर्ती हाताला स्पष्ट जड लागते. तरी शंका असेल तर बुडाच्या न रंगवलेल्या भागावर ओलं बोट अर्धा मिनिट घासा. शाडू बोटाला चिकटते, पीओपी फक्त ओलं होतं. भाविकाला विचारून ठरवू नका. दुकानदाराने 'शाडूची' म्हणून विकलेली मूर्ती तो शाडूचीच सांगणार, त्यात त्याचा दोष नाही.

अजून वेळ आहे, तर विक्रीच्या स्टॉलवरच सोय करा. नगरपंचायत स्टॉलला परवाना देते, त्यातच अट घाला: बुडावर ऑइलपेंटचा ठिपका, शाडूला हिरवा, पीओपीला लाल. रांगेतली निम्मी हुज्जत तिथेच मिटते.

कागदाच्या लगद्याच्या मूर्तीही येतील, थोड्या. त्यांचं वेगळं पिंप ठेवा. त्यात खडूची पूड आणि डिंक असतो, त्या दोन्ही हौदांना नकोत.

कंत्राटी | ११ जुलै, सायं. ६:४०

आता हौद. १२ बाय ८ फूट, उंची ४ फूट, पाणी ३ फूट. २८८ घनफूट, म्हणजे साधारण ८,१५० लिटर. दहा हजारी टँकरची एक फेरी. असे दोन.

जमिनीवर उभा करणार असाल तर बांबू आणि सुतळीचा विचार सोडा. तीन फूट पाण्याचा १२ फुटी बाजूवरचा रेटा दीड टन भरतो. लोखंडी अँगलची चौकट, दर ४ फुटांवर उभा खांब आणि त्याला बाहेरून तिरका टेका. आतून १२ मिमी प्लाय. समोरासमोरच्या बाजू वरच्या कडेला साखळीने एकमेकींना बांधा, नाहीतर मधोमध पोट सुटतं. आणि एकूण वजन आठ टनांवर जातं, त्यामुळे गटाराच्या स्लॅबवर किंवा बाजारकट्ट्यावर हौद मांडू नका. गावोगाव नेमकी तीच जागा सुचवली जाते, कारण तिथे दिवा असतो.

खड्डा खणणार असाल तर मुरमात सरळ बाजू टिकतात. काळ्या मातीत टिकत नाहीत, ओल लागली की कड आत बसते. तिथे बाजूला जेवढी खोली तेवढाच आडवा उतार द्या. म्हणजे ३ फूट खोलीला चारी बाजूंनी ३-३ फूट जास्त जागा.

अस्तर २५० जीएसएम (चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाची) ताडपत्री, दोन थर. खालचा थर फाटतो तो ताडपत्री वाईट असते म्हणून नव्हे. मूर्तीचे टोकदार हात आणि मुकुट वरून घासतात आणि खालून खडी टोचते. तळाला दोन इंच चाळलेली वाळू, त्यावर जुनी सतरंजी, मग पहिली ताडपत्री. दोन्ही ताडपत्र्यांच्या मध्ये तळापुरता आणखी एखादा जुना गालिचा घातला तर उत्तम.

निचऱ्याची तोटी ३ इंची, तळापासून ६ इंच वर. अगदी तळाला लावली तर पहिल्या दिवशीच गाळाने बसते. खड्डा असेल तर चिखलपंप भाड्याने सांगून ठेवा. शेतातला मोनोब्लॉक पंप काथ्या आणि दूर्वांनी पंधरा मिनिटांत अडकतो.

विजेचं: दिवे हौदापासून १२ फूट लांब, बांबूवर, जोड जमिनीवर नको. ओल्या चौकटीभोवती माणसं असणार, म्हणून अर्थ लिकेज ब्रेकर (विजेची गळती होताच लाइन तोडणारा) लावल्याशिवाय लाइन घेऊ नका. 'मंडपवाल्याने बसवलंय' यावर विसंबू नका, टेस्टचं बटण दाबून बघा.

ओढ्याकाठी | ११ जुलै, रा. ९:०२

भरपूर मिळालं. ६०० मूर्तींना दोन हौद पुरतील का? आणि गर्दीचं?

लेखापाल | १२ जुलै, स. ८:१०

गर्दी दहा दिवसांत सारखी वाटली जात नाही. घरगुती मूर्तींचा लोंढा दीड दिवस आणि गौरी विसर्जन या दोन संध्याकाळी येतो. अनंत चतुर्दशीला मंडळं असतात, घरची कमी. बंदोबस्त मात्र सगळीकडे अनंत चतुर्दशीला धरून आखला जातो. तुमच्या गावात दीड, पाच, गौरी, दहा असे किती घरी बसतात याची प्रभागवार यादी आशा ताई आणि पोस्टमन यांच्याकडून दोन दिवसांत निघेल.

समजा गौरी विसर्जनाला ३०० मूर्ती. त्यातल्या २०० तरी सहा ते नऊ या तीन तासांत येतात. म्हणजे तासाला ६७. आरती आधी झालेली असेल तर एका कुटुंबाला हौदाच्या कडेला चार मिनिटं लागतात; एका जागेवरून तासाला १५ कुटुंबं. तेव्हा पाच जागा हव्यात, दोन हौदांच्या लांब कडांवर आरामात मावतात. आरतीही हौदाच्याच कडेला होऊ दिली तर चाराची बारा मिनिटं होतात आणि रांग बाजारपेठेपर्यंत जाते. म्हणून आरतीची टेबलं वेगळी, हौदापासून ३०-४० फूट अलीकडे. २०० कुटुंबांना दहा टेबलं. टेबलावर पाट, काडेपेटी आणि खाली निर्माल्याचं पिंप. तिथेच मूर्तीवरचे हार, शाल, फेटा, मोत्यांच्या माळा उतरवून घ्यायच्या. पुढे हौदाशी फक्त मूर्ती जाते.

उत्तरपूजा घरी झालेली असते, त्यामुळे दागिने-वस्त्रं उतरवायला सहसा कोणी आडकाठी करत नाही. फक्त स्वयंसेवकाने हिसकावल्यासारखं करू नये. घरच्याच माणसाला 'काका, तेवढा फेटा तुमच्या हातानेच काढता का' म्हटलं की काम होतं.

कंत्राटी | १२ जुलै, स. ८:५५

पीओपीच्या हौदासाठी भाजीचे जाळीदार प्लास्टिक क्रेट घ्या. दोन्ही कानांना नायलॉनची दोरी. मूर्ती क्रेटमध्ये ठेवायची, घरच्यांनीच दोरीने तीनदा बुडवायची आणि सोडायची. कुटुंब वळलं की क्रेट वर, मूर्ती बाजूच्या मांडणीवर. तळावर एका थरात ४० च्या आसपास क्रेट बसतात, पण ५-५ च्या खेपेत उचलत राहिलात तर कोंडी होत नाही. क्रेट नसले की मूर्ती एकमेकींवर पडून मोडतात, आणि सकाळी हौदात उतरून तुकडे वेचणं हे फार वाईट काम आहे. त्याचाच व्हिडिओ गावभर फिरतो आणि पुढच्या वर्षी लोक परत ओढ्यावर जातात.

कडेला दीड फूट उंचीचा पाट-चौथरा करा, नाहीतर चार फूट कठड्यावरून म्हाताऱ्या माणसांचे हात पाण्याला लागत नाहीत. वर काथ्याची पायपुसणी, पावसात प्लाय घसरतो.

अमोल_सातवा_वर्ग | १२ जुलै, स. ११:२०

पीओपीसाठी खायचा सोडा वापरतात ना? शाळेत दाखवला होता प्रयोग.

रसायनवाला | १२ जुलै, दु. १२:३०

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, तो नको. त्यातून सोडियम सल्फेट तयार होतं आणि ते जमिनीला खारवतं. हवं ते अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले बिस्किटं फुलवायला वापरतात, 'अमोनिया' म्हणूनच मागतात. २५ किलोच्या गोणीत मिळतं. ही पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पुढे आणली आणि पुणे महापालिकेने ही पावडर नागरिकांना मोफत वाटली.

प्रमाण: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर. काटेकोर हिशेबाने १ किलो घट्ट पीओपीला ९२० ग्रॅम लागते, पण थोडी उडून जाते म्हणून सरळ किलोला किलो. पाणी किलोमागे ५ ते ६ लिटर, कारण खोलीच्या तापमानाला १०० मिलि पाण्यात ही पावडर साधारण २१ ग्रॅमच विरघळते. आठ-नऊ इंची, दोन किलोची मूर्ती: २ किलो पावडर, १०-१२ लिटर पाणी, २० लिटरची प्लास्टिक बादली. बादली दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, वायू सुटून फेस येतो.

चुका ठरलेल्या आहेत. गरम पाणी वापरतात: ३५-४० अंशांवरच पावडर विघटित होऊन अमोनिया उडू लागतो, मूर्ती तशीच राहते. गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात: तेच होतं, वजन घटतं. ढवळत नाहीत: मूर्तीवर खडूचा पांढरा थर बसतो आणि आतल्या पीओपीला द्रावण पोहोचत नाही. दर दोन-तीन तासांनी लाकडी काठीने ढवळून तो थर पाडायचा, म्हणजे ४८ तासांत काम होतं. बंद न्हाणीघरात करतात: डोळे चुरचुरतात. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करा. आणि मान राखायचा म्हणून घरचं तांब्या-पितळेचं घंगाळ काढतात. अमोनिया तांबं खातो, पाणी निळं होतं. प्लास्टिकच घ्या.

आधी रंगाचा थर बुडाकडून खरवडता आला तर वेग वाढतो. तरंगणारे रंगाचे पापुद्रे जाळीने काढून सुक्या कचऱ्यात, खतात नकोत.

लेखापाल | १२ जुलै, दु. १:०५

३०० मूर्ती, सरासरी ३ किलो धरून ९०० किलो. म्हणजे ३६ गोण्या आणि साडेचार हजार लिटर द्रावण. ते ओतायचं कुठे, हे तुमच्याच नियमाने आधी सांगा.

रसायनवाला | १२ जुलै, दु. १:४०

बरोबर पकडलंत. १ किलो पीओपीमागे ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि ५८० ग्रॅम खडू निघतो. तुमच्या ९०० किलोंचं ६९० किलो अमोनियम सल्फेट, त्यात नत्र २१ टक्के, म्हणजे सुमारे १४५ किलो. सुरू हंगामातल्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, तेव्हा हा सगळा माल हेक्टरभर उसालाही कमीच. एखादा ऊस, गवत किंवा फुलशेतीचा शेतकरी सहज घेईल. रंगांत काय असेल याची खात्री नसल्याने पालेभाजीला देऊ नका.

द्रावण जवळजवळ १५ टक्क्यांचं असतं. तसंच ओतलं तर मुळं जळतात. एकास वीस पाणी मिसळा, कुंडीला एकास पन्नास. पाटपाण्यातून द्या, ठिबकमधून दिलं तर खडूचे कण तोट्या बंद करतात. देण्याआधी वास घ्या. अमोनियाचा झणझणीत वास म्हणजे पावडर उरलीय. ती वाया घालवू नका, आणखी पीओपीचे तुकडे टाका, ते उरलेली पावडर संपवतील. आणि काहीही झालं तरी हे द्रावण ओढ्यात सोडू नका. अमोनिया माशांना थेट मारतो. मूर्ती ओढ्यात टाकण्यापेक्षा हे वाईट होईल.

खडूचा गाळ दोनदा धुऊन वाळवा. पेव्हर ब्लॉकवाला भर म्हणून घेतो का विचारून ठेवा.

माझं मत विचाराल तर फूटभराच्या आतल्या मूर्तींपुरतीच ही पद्धत ठेवा, आणि जमेल तितकी घरीच करायला पावडरीच्या मोजलेल्या पिशव्या आधी वाटा. मोठ्या मूर्तींना एवढी पावडर घालणं परवडत नाही आणि ढवळताही येत नाहीत.

तिरकस | १२ जुलै, दु. २:१०

घरी म्हणजे ओट्यावर गणपती ४८ तास बादलीत आणि घरभर मुतारीचा वास. घरात किती जण करतील ते बघू.

रसायनवाला | १२ जुलै, दु. २:२५

ओट्यावर नका करू, अंगणात करा. पण मुद्दा खरा आहे, वासामुळेच बरेच जण पहिल्या रात्री पाणी ओतून देतात. पिशवीवरच ठळक छापा: उघड्यावर, ४८ तास.

पेणकर | १२ जुलै, सायं. ५:३०

मंडळांच्या मूर्तींचं सोपं आहे. दोन-तीन गावांत रूढ झालेली रीत: मोठी मूर्ती कायमची, दरवर्षी रंग नवा, पूजेला आणि विसर्जनाला शेजारी एक फुटाची शाडूची. बाराच्या बारा मंडळं ऐकणार नाहीत. चार ऐकली तरी क्रेनचा खर्च वाचतो, आणि पुढच्या वर्षी खर्च बघून बाकीची येतात.

आता शाडूची माती. पूर्ण सुकलेली शाडू पाण्यात झरझर सुटते. दमट असेल तर सुटत नाही, साबणासारखी बुळबुळीत होऊन तशीच राहते. म्हणून पावसात भिजत आलेली मूर्ती आधी छपराखाली. मूर्ती आडवी पाडून ढीग करू नका, वरच्या मूर्तींच्या गाळाखाली खालच्या न सुटता दबतात. गर्दी संपली की लाकडी दाताळ्याने एकदा हलवायचं.

३०० मूर्ती, चार-चार किलो, १,२०० किलो माती. १२ बाय ८ च्या तळावर तो गाळ सहा-सात इंच बसतो. कंत्राटींनी तोटी सहा इंचांवर सांगितलीय, शाडूच्या हौदाला ती ९ इंचांवर घ्या. दोन दिवस हलवू नका, वरचं पाणी निवळलं की काढा. मग गाळ बादल्यांनी मच्छरदाणीच्या जाळीतून पिंपांत. जाळीवर खडे, तारा, काथ्या, रंगाचे पापुद्रे राहतात. पिंपात आणखी दोन दिवस, वरचं पाणी नळीने काढायचं, खालचा लगदा जुन्या सुती कापडात बांधून टांगायचा किंवा शहाबादी फरशीवर दोन इंच थरात पसरायचा. भाद्रपद-आश्विनात ऊन बेभरवशाचं, छप्पर हवंच. पूर्ण वाळवून ढेकळं करा. ओली माती साठवली तर डिंकामुळे कुजका वास येतो आणि वाहतुकीत पाण्याचं भाडं भरता.

रंगीत छटा राहते, त्याने काही बिघडत नाही, गाभ्याला वापरता येते. शाडू मुळात गुजरातेतून येते. परत वापरली की तेवढी खाणमाती आणि भाडं वाचतं, म्हणून मूर्तिकार घेतात. पण आधी बोला: किती, ढेकळं की लगदा, टेम्पो कोणाचा. पुण्याच्या बाजूला 'पुनरावर्तन' नावाची अशी माती गोळा करण्याची मोहीम चालते, जवळ असाल तर त्यांच्या केंद्राला विचारा. कोणीच नसेल तर शाळांच्या कार्यशाळेला ठेवा. १,२०० किलोंत फुटाच्या आतल्या ३०० मूर्ती होतात.

खतकरी | १३ जुलै, स. ७:१०

निर्माल्यावर कोणी बोललं नाही अजून, आणि सगळ्यात जास्त बिघडतं ते तेच. 'निर्माल्य कलश' ठेवला की त्यात काय येतं ते सांगतो: दूर्वा, जास्वंद, झेंडू, पत्री, केळीचे खुंट, हारांचे नायलॉन धागे, चकचकीत कागद, अर्धे नारळ, मोदक, अगरबत्तीचे पुडे, गुलाल. शिवाय काचेच्या फुटक्या तसबिरी, जुन्या पोथ्या आणि गंडे-दोरे, कारण 'देवाचं आहे, कचऱ्यात कसं टाकू'. तसबिरींना वेगळी मांडणी ठेवा आणि तसं लिहा, नाहीतर फुलं उपसताना स्वयंसेवकांच्या हाताला काच लागते.

आरतीच्या टेबलाजवळ तीन पिंपं: फुलं-पानं, नारळ-फळं-प्रसाद, बाकी सगळं. पिंपाला झाकण नको. झाकण असलं की लोक पिशवीसकट आत टाकतात. उघड्या पिंपाशी माणूस उभा करा, तो पिशवी रिकामी करून परत देईल.

हार सोडवणं हे सगळ्यात वेळखाऊ काम. लांब टेबलावर हार ताणून एका टोकाची गाठ कापायची आणि धागा ओढून घ्यायचा. सुती दोरा असेल तर तसाच जाऊ दे. मधला सोनेरी-चंदेरी प्लास्टिकचा तुकडा मात्र एकही राहू देऊ नका, वर्षभर शेतात चमकत राहतो.

आता दूर्वा. हरळीच ती. शेतकरी जिला आयुष्यभर खुरपतो ती तुम्ही त्याला खतातून परत देणार. श्रेडरमध्ये घातली तर आणखी वाईट. प्रत्येक कांड्याचा तुकडा स्वतंत्र फुटतो. एका पेराला डोळा राहिला तरी रान होतं. म्हणून दूर्वांच्या जुड्या वेगळ्या काढून छपराखाली पातळ पसरा, कुरकुरीत होऊन मोडेपर्यंत वाळवा, मगच ढिगाच्या पोटात घाला. कडेला कधीच नाही, कडेला ढीग तापत नाही. हे केलं नाही तर दुसऱ्या वर्षी तुमचं खत कोणी फुकटही नेणार नाही.

ढीग: किमान ३ बाय ३ बाय ३ फूट. त्याहून लहान ढीग तापत नाही. खाली ६ इंच काटक्या किंवा नारळाच्या चोड्या (वरचं काथ्याचं साल). मग एक घमेलं निर्माल्य, एक घमेलं वाळका पालापाचोळा, दर फुटाला चार मुठी जुनं शेणखत. निर्माल्य फार ओलं असतं, पाचोळा कमी पडला की तिसऱ्या दिवशी आंबट वास आणि चिलटं. भाद्रपदात वाळका पाला कुठून आणणार? म्हणून तो एप्रिल-मेमध्येच गोण्यांत भरून ठेवायचा असतो. यंदा तो नसेल तर लाकूड वखारीतला भुसा घ्या, पण पॉलिश केलेल्या प्लायचा नको. भुसा निर्माल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच, जास्त घातला तर ढीग थंड राहतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोटात ५५ ते ६५ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून काढा, मुठीत धरवत नसेल तर ठीक. गार असेल तर दोनच कारणं: फार ओलं किंवा फार लहान. पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली पलटी, बाहेरचं आत. मग आठवड्याला एक. दीड-दोन महिन्यांत तयार. गांडुळं पहिल्या महिन्यात सोडू नका, उष्णतेने मरतात.

गुलाल आणि खतात वैर आहे. हळद चालेल. नारळ खतात टाकू नका, फोडून खोबरं गोशाळेला, करवंट्या आणि चोड्या जळणाला. प्रसाद त्याच रात्री गाई-म्हशींना. सकाळपर्यंत ठेवला तर उंदीर.

ओढ्याकाठी | १३ जुलै, स. ९:४५

थर्माकोलचं मखर येईलच.

खतकरी | १३ जुलै, स. ९:५८

२०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, तरी माळ्यावरचं जुनं येतं. परत पाठवलं तर ओढ्यात जाईल. घ्या आणि नगरपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

कळशी | १३ जुलै, दु. १२:१५

हौदातलं पाणी शेवटी कुठे सोडायचं? आमच्याकडे थेट गटारात सोडतात आणि गटार ओढ्यालाच मिळतं.

रसायनवाला | १३ जुलै, दु. १२:५०

निवळल्याशिवाय सोडू नका. तुरटीची चाचणी सोपी आहे. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवा. हौदाचं पाणी चार बाटल्यांत लिटर-लिटर घ्या आणि त्यांत या द्रावणाचे ३, ५, ८, १० मिलि टाका. मिनिटभर जोरात हलवून अर्धा तास ठेवा. सगळ्यात कमी तुरटीत जी बाटली स्वच्छ निवळली ते तुमचं प्रमाण. ५ मिलिवाली निवळली तर लिटरला ५० मिलिग्रॅम, ८,१५० लिटरला सुमारे ४०० ग्रॅम. तुरटी वितळवून ओता, खडा टाकून फिरवत बसू नका. रात्रभर थांबा, तोटीने वरचं पाणी काढा. ते झाडांना किंवा रस्त्याकडेच्या मोकळ्या जमिनीत जाऊ द्या, विहिरीपासून लांब. ही तुरटी पीओपीच्या हौदाला. शाडूच्या हौदात टाकू नका, माती आपोआप बसते आणि पेणकरांना तुरटीची माती नको असते.

पेणकर | १३ जुलै, दु. १:३०

नकोच.

लेखापाल | १३ जुलै, सायं. ७:२०

कामाच्या तारखा उलट्या बाजूने लावा. मूर्तींची नोंदणी आषाढ-श्रावणात होऊन जाते, त्यामुळे शाडूचा आग्रह यंदासाठी उशिराचा आहे. तो पुढच्या वर्षासाठी, अक्षय्य तृतीयेच्या आसपास. आत्ता करायचं ते: मूर्तिकार, ऊस शेतकरी आणि गोशाळा यांचे होकार, ठिपक्याची अट, गोण्यांची ऑर्डर, छपराची जागा. चतुर्थीआधी आठ दिवस एक हौद पूर्ण भरून रात्रभर ठेवा. पातळी कडेला खडूने मारा, सकाळी दोन इंचांहून जास्त उतरली तर अस्तर गळतंय.

आणि एकूण मूर्ती, वेचलेली माती, तयार झालेलं खत यांचं वजन काट्यावर करून लिहा. 'पाच टन निर्माल्य' असं अंदाजाने छापून येतं आणि पुढच्या वर्षी पिंपं त्या आकड्यावर घेतली जातात.

ओढ्याकाठी | १४ जुलै, स. ८:३०

ताडपत्री उद्या घेतोय. दुकानदार सगळ्याच २५० जीएसएमच्या म्हणतो.

कंत्राटी | १४ जुलै, स. ८:४८

काट्यावर ठेवायला सांगा. १२ बाय ८ च्या हौदाला १८ बाय २४ फुटी घ्या, कडेला फूटभर दुमड राहते. ती ४० चौरस मीटर होते. २५० ची असेल तर १० किलो भरलीच पाहिजे. साडेसहा भरली तर ती १६० ची आहे, घेऊ नका. दोन हौद, दोन थर, चार नग, आणि एक जादा घ्या, ती निर्माल्याच्या ढिगावर लागते.

खतकरी | १४ जुलै, स. ९:०५

ढिगावर घालताना जमिनीपर्यंत गुंडाळू नका. वर छपरासारखी ताणा, बाजू उघड्या.